सकाळच्या चहाचा फासा

मी संख्याशास्त्र शिकवतो. पोरं मला सरासरी सर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्याहून वर मी कधी गेलोही नाही. नऊ वर्षं हंगामी होतो. त्या दिवशी तपासणीच्या बाई माझ्या तासाला बसणार होत्या. त्यांनी होकार दिला तर नोकरी कायम, नाही तर पुढच्या वर्षापासून घरी.

छाप पाडायची म्हणून घरातला लाकडी फासा खिशात टाकला. माझ्या सुतार सासऱ्यांनी तो लग्नात लेकीला करून दिला होता. रोज सकाळी आम्ही तो टाकतो: एक, दोन, तीन आले तर चहा ती करते, चार, पाच, सहा आले तर मी. बहुतेक वेळा मीच करतो. आपलं नशीबच फुटकं, असं मी अकरा वर्षं मानत आलो होतो.

वर्गात ऐटीत फळ्यावर लिहिलं, साठ वेळा टाकला तर प्रत्येक आकडा साधारण दहा वेळा येणार. मुलं आळीपाळीने फासा टाकत गेली, मी रेघा मारत गेलो. सहाच्या रेघा एकतीस झाल्या. मी म्हटलं, योगायोग असतो कधी कधी. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने मीच शिकवलेलं सूत्र घेऊन आकडेमोड केली.

"सर, हा योगायोग नाही. फासा खोटा आहे."

गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

तास संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेऊन शाबासकी दिली. मुद्दाम खोटा फासा आणून मुलांकडूनच लबाडी पकडवून घ्यायची, ही पद्धत त्यांनी कुठेच पाहिली नव्हती. शेरा उत्तम देणार होत्या. मी मान खाली घातली. शरमेने घातली काय, नम्रतेने घातली काय, बघणाऱ्याला सारखीच दिसते.

घरी येऊन फासा बायकोपुढे ठेवला. तिने लगेच सांगून टाकलं, एकच्या बाजूला बाबांनी आतून शिसं भरलं होतं, ती जड बाजू खाली जाऊन सहा वर यावा आणि लेकीला सकाळी आयता चहा मिळावा म्हणून.

"आणि तू अकरा वर्षं गप्प बसलीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुमचा तर विषयच हा." तिचा चेहरा उतरला. "सगळं कळूनही हा माणूस रोज उठून चहा करतो, असं मी माहेरी सगळ्यांना सांगते."

"माहीत होतं की," मी म्हणालो, आणि फासा न टाकताच चहा ठेवायला उठलो.