निळ्या टेपचे तीन थर

अरे, ऐका तर खरं! आपली चिमटी, दाराची कडीसुद्धा रुमालाने उघडणारी, ती परवा जुन्या वाद्यांच्या दुकानात उभी. समोर दोन पॅड-कंट्रोलर, आणि तोंड असं, जणू ओल्या मोज्यात पाय घातलाय!

पॅड-कंट्रोलर म्हणजे ते हो, सोळा रबरी चौकोनांचं यंत्र. बोटांनी बडवायचं, लॅपटॉपमधून ड्रम वाजतो. तिच्या यंत्राचे चार चौकोन आदल्याच दिवशी मेलेले, आणि दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच एकटी स्टेजवर. म्हणजे या दोघांतलं एक त्याच दिवशी घ्यायचंच.

पहिलं चकाचक. दुसरं... शी! वरून कुणीतरी काळा रंग फासलेला, रबर डिंकासारखं चिकट, फटींत बिस्किटाचा भुगा, केस. चिमटीने एक बोट टेकवलं. उचलताना 'चप्' असा आवाज आला.

"ईऽऽ! कुठल्या डुकराने वापरलंय हे?"

"डुकराला कशाला बदनाम करतेस ताई?" बरोबर आलेला मावसभाऊ म्हणाला.

दुकानदारकाकांनी पेपरातून मानही वर काढली नाही. "वाजवून बघ गं पोरी. नाकाने काय बघतेस?"

मग काय, वाजवलं. चकाचकवर धपाधप मारलं की ठीक, पण हळूच टिचकी दिली की ढिम्म. एक चौकोन ठोका गिळायचा, दुसरा एकाचे दोन ओकायचा. आणि चिमटीची सगळी मजा तर हळू वाजवण्यातच!

नाक मुरडत ती चिकट्याकडे वळली. आधी रुमाल पसरून, मग रुमाल काढून. अरे, काय वाजत होतं ते! मुंगी चालली तरी ऐकू येईल. खालचा डावा कोपरा तर नुसतं बोट जवळ नेलं तरी बोलेल असा. बोटं थांबेनातच.

"हेच घे," भाऊ म्हणाला.

"मेले तरी नाही!" आणि पुन्हा वाजवायला लागली. "घेतलंच, तर आतून पुसून."

काकांकडून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, झाकण उघडलं, रबराची चादर उचलली. आंबूस वास आला भपकन्. भुगा, झुरळाचा पाय, आणि एक कुरतडलेलं नख. त्यावर जांभळं नेलपॉलिश! भाऊ तोंडावर हात ठेवून मागे सरला.

चिमटी मात्र आत टक लावून बघत होती. खालच्या डाव्या कोपऱ्याखाली निळ्या टेपचे तीन थर होते. चौकोन जरा उचलून धरायला, हलका ठोकाही लागावा म्हणून लावलेले. टेपच्या कडा नागमोडी.

भाऊ हळूच वाकला. "ही तर आमच्या आईच्या शिवणाच्या नागमोडी कात्रीची कड. ताई, चार वर्षांपूर्वी तू जे विकलंस..."

"गप."

"आणि तेव्हा तू जांभळं..."

"गप म्हटलं ना!"

काकांनी पेपराची घडी घातली. "काय, घेणार?"

"घेते. पण वापरणारी बाई फार घाणेरडी होती हो, काका."

"असेल. टेप मात्र झकास लावलीय."

चिमटीने ते नख रुमालात गुंडाळलं, रुमालासकट कचऱ्यात टाकलं, मोरीवर तीनदा हात धुतले. यंत्र बगलेत मारून दारापाशी आली आणि थबकली. रुमाल कुठाय? कडीकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

"तूच उघड रे," ती भावाला म्हणाली. "माझी बोटं कुठे कुठे जातात, काही सांगता येत नाही."