ट्रकमधला तिरका काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळातला नव्हे, तराजूचाही नव्हे. एका डिझेल ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या समोर, गोल काचेमागे मी राहतो. इंजिनातलं पाणी किती तापलं हे सांगणं माझं काम. माझ्या काळ्या तबकडीवर पन्नासपासून दीडशेपर्यंत आकडे आहेत, आणि माझ्या पाठीतून तांब्याची एक बारीक नळी निघते ती थेट इंजिनाच्या पाण्यात बुडते. त्यामुळे इंजिनाला ताप आला की मला घरबसल्या कळतं!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझे आकडे अगदी सरळ होते. पण ज्या ड्रायव्हरने मला बसवलं, त्याने पहिल्याच दिवशी मला उजवीकडे कलतं फिरवलं. का, तर ऐंशीवर आमचं इंजिन सुखात चालायचं, आणि ऐंशीवर मी ताठ उभा दिसावा! त्याने चालवता चालवता एक गाणंही जुळवलं होतं:

उभा काटा, मोकळ्या वाटा,
डावा थंड, उजवा बंड.

इतर ड्रायव्हर हसायचे. "मीटर पिऊन बसलाय का रे?" तो म्हणायचा, "वळणावर आकडे वाचत बसू का? डोळ्याच्या कोपऱ्यातून उभा दिसला, की झालं."

त्याची लेक याच गाण्यावर ट्रक शिकली. पुढे त्याची नजर अधू झाली, लेक स्टिअरिंगवर आली आणि तो शेजारच्या सीटवर. आकडे त्याला दिसेनात, पण माझी पांढरी रेघ कुठे कलली एवढं कळायचं. मी त्याच्याशी बोलत राहिलो.

मग एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, आता डिजिटल मीटर घेऊ या. ऐंशी म्हणजे ऐंशी, एक्याऐंशी म्हणजे एक्याऐंशी. वादच नको."

"आकडा वाचावा लागतो, पोरी. काटा नुसता दिसतो."

"पण दोन अंशांनी वाढला तर काट्यावर कळतं का?"

"आणि तुझा आकडा मला कळतो का?"

शेवटी असं ठरलं, की एक खेप दोन्ही मीटर लावून करायची. जो कामाला येईल, तो राहील.

डिजिटल मीटर बसवायला आलेला वायरमन मोठा टापटिपीचा माणूस होता. गल्लीत सगळे त्याला टापटीपराव म्हणत. त्याने नव्या भावाला माझ्या शेजारी बसवलं, वायरी नीट बांधल्या, फडक्याने माझी काच पुसली आणि माझ्याकडे बघून हळहळला. "अरेरे, कोणी असा वाकडा बसवला बिचाऱ्याला!" आणि जाता जाता, कोणी न सांगता, मला सरळ करून गेला.

खरं सांगू? मी हरखलो! इतक्या वर्षांनी माझी मान सरळ झाली होती. शेजारी तरुण स्पर्धक, अंगावर लखलखती काच. आज आपलं रूप सगळ्यांनी बघावं असं वाटत होतं. यात काही चुकतंय हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. मागे साठ मधपेट्या होत्या, दारं जाळीने बंद केलेल्या. डोंगरापलीकडच्या फळबागा फुलल्या होत्या आणि मधमाश्यांना तिथे न्यायचं होतं. मधपेट्यांच्या मालकीणबाई, सगळ्यांच्या मावशी, मधल्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी बजावलं होतं, "वाऱ्यावर आहेत तोवर माश्या गार राहतील. उन्हात गाडी उभी राहिली तर पेट्या तापतील, आणि मग एकही हाती लागायची नाही."

सपाटीवर मी ऐंशीवरच होतो. पण सरळ झाल्यामुळे आता डावीकडे कललेला दिसत होतो.

"बाबा, इंजिन अजून गारच आहे."

"डावा थंड! मग दाब की!"

तिने ॲक्सिलरेटर दाबला. चढ लागला तरी गिअर उतरवला नाही. माझ्या नळीतून ताप चढू लागला. नव्वद! पंच्याण्णव! मी उजवीकडे सरकत होतो आणि नेमका उभा राहत होतो. ड्रायव्हरबाबा खुशीत म्हणाले, "बघ, आत्ता कुठे ताठ झालाय. मोकळ्या वाटा!" मला ओरडावंसं वाटत होतं, पण काट्याला तोंड कुठलं?

शेजारचा डिजिटल मीटर तर आकडा दाखवत होता! पण समोरून आलेलं ऊन त्याच्या काचेवर पसरलं होतं. लेकीने रस्त्याच्या एका सरळ पट्ट्यात तळहाताची सावली धरली आणि दचकली.

"बाबा, हा शंभर म्हणतोय!"

"नवा आहे तो. काटा उभा आहे ना?"

"काटा उभा आहे."

"मग चल!"

ती पेचात पडली. थांबावं तर साठ पेट्या उन्हात, न थांबावं तर इंजिन जाईल. मावशींनी पदराचं टोक मुठीत धरलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं, आणि मित्रांनो, जन्मात पहिल्यांदाच तिने माझी उभी रेघ सोडून माझा आकडा वाचला.

"बाबा! काटा शंभरावर उभा आहे! दोघंही एकच बोलतायत!"

"शंभरावर?" बाबांनी चाचपडत माझ्या काचेवर हात ठेवला. "मग कोणी तरी फिरवलाय याला! गिअर उतरव. पाय हलका कर. आणि केबिनचा हीटर पूर्ण सोड, इंजिनाची गरमी आत ओढू दे!"

बाहेर ऊन, आत भट्टी! गाडी गोगलगायीसारखी चढत होती, पण चढत होती. खिडक्या उघड्या, तिघं घामाने निथळलेले.

"माश्या वाचतील, पण माझं भरीत होईल!" मावशी म्हणाल्या.

"गाळा घाम, मावशी! मध तुम्हालाच मिळणार आहे!" लेक म्हणाली.

अठ्ठ्याण्णव... त्र्याण्णव... नव्या भावाने आकडे मोजायचे आणि मी हळूहळू झुकायचं. दोघांचं सूर जुळलेलं गाणंच जणू! अठ्ठ्याऐंशीवर खिंड आली आणि उतारावरून पांढरीशुभ्र बाग दिसली.

सावलीत पेट्या उतरवल्या. मावशींनी पहिल्या पेटीला कान लावला आणि तशाच राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्यांनी जाळी काढली. एक माशी बाहेर आली, दारापाशी पंख झाडत घुटमळली, उडाली. तिच्यामागे दहा, त्यांच्यामागे हजार! बाग गुणगुणू लागली.

लेकीने पाना-पेचकस काढला आणि बाबांचा हात धरून माझ्यावर ठेवला. त्यांनीच मला पुन्हा उजवीकडे फिरवलं. डिजिटल मीटरच्या डोक्यावर तिने पत्र्याची छोटी झापड लावली. ती म्हणाली, "कुणालाच काढायचं नाही. किती तापलं ते हा नवा सांगेल, आणि आकडा वाचायला सवड नसेल तेव्हा काटा."

परत आल्यावर सगळं ऐकून टापटीपरावांनी कान पकडले. पण त्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि मी तरी कुठे शहाणा होतो?

मित्रांनो, जुनी वस्तू जपताना नुसती काच पुसू नका, ती तशी का आहे तेही विचारा. कोणाचं काही तिरकं दिसलं तर सरळ करण्याआधी एकदा म्हणा, "तू असा का रे?" सांगायला कोणी ना कोणी असतंच.

बरं, आता मला सोडा. लेकीने किल्ली फिरवली आहे, ताप चढू लागलाय, आणि मला उभं राहायचं आहे!