जुना कुठला, नवा कुठला

“यातला जुना कुठला?” मालकीणबाईंनी विचारलं.

टेबलावर दोन सुरे शेजारी शेजारी ठेवले होते. चकचक्याने ऐटीत डावीकडचा पुढे सरकवला. कारखान्यात सगळे त्याला याच नावाने हाक मारत. काळवंडलेलं पातं दिसलं की ते चाकावर धरून लख्ख केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि पगारही त्याचाच मिळत असल्यामुळे या खोडीला कुणी कधी आवर घातला नव्हता.

बाईंचा चेहरा पडला. “अहो, मी नुसता पुसून ठेवा म्हटलं होतं! संग्राहक जुनेपण बघायलाच येतात. आणि याची मूठ?”

“तडकली होती, बाई. नव्यातली बसवली. बघा कशी घट्ट बसलीय.”

“जुनी कुठाय?”

“भट्टीत टाकली.”

बाई मटकन खाली बसल्या. वर्षानुवर्षं बनवणं बंद असलेला हा शिकारी सुरा कारखान्यातून आता पुन्हा निघणार होता. जुना आणि नवा एकत्र मांडून हौशी गिऱ्हाइकांना दाखवायचा त्यांचा बेत होता. जुन्यांपैकी हा एवढा एकच उरला होता, बाईंच्या वडिलांच्या कपाटात सापडलेला. शिवाय तो चकचक्याच्या मामाने घडवलेला होता. मामाची नजर आता पार गेली होती. आपल्या हातचा सुरा सापडलाय हे कळल्यापासून “एकदा हातात येऊ दे रे,” एवढंच त्याने लावून धरलं होतं. म्हणून तर भाचा आज त्याला घेऊन आला होता. तो बाहेर बाकावर चहा पीत बसला होता.

चकचक्याने दाराकडे पाहिलं. “बाई, मामाला यातलं काही बोलू नका,” तो हळूच म्हणाला.

मामा आत आला तो हात पुढे करूनच. भाच्याने त्याला खुर्चीत बसवून जुना सुरा हातात दिला. मामाने मूठ धरली आणि अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवला. तो अंगठा मागेपुढे फिरवत राहिला.

“हा नवा,” तो म्हणाला. “दुसरा दे.”

भाच्याने दुसरा दिला.

“हाही नवाच की! मस्करी करतोस म्हाताऱ्याची? जुन्याच्या पाठीवर खाचा आहेत. अंगठा घसरू नये म्हणून मी कानशीने पाडायचो, माझ्याच अंगठ्याच्या मापाने. साहेब वैतागायचे, वेळ मोडतो म्हणायचे. मी ऐकतोय कसला!”

गंजाने बुजलेल्या त्या खाचा चकचक्याला चांगल्याच आठवत होत्या. तो कामाला लागला तेव्हा हे सुरे बनवणं केव्हाच बंद झालं होतं, त्यामुळे त्या खाचा मुद्दाम पाडलेल्या असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. कुणा अडाण्याने तारेवर आपटून पात्याची वाट लावली, असं समजून त्याने पाठ घासायच्या फिरत्या पट्ट्यावर धरून साफ गुळगुळीत केली होती. वर त्या अडाण्याला दोन शिव्याही हासडल्या होत्या. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामाने पहिला सुरा पुन्हा मागून घेतला. “हा फार घासलाय. पातं हलकं झालंय. कुणी केला?”

“मी, मामा.”

“वाटलंच. अरे, किती वेळा सांगितलं, हात आवरता घे.” मामा हसला. “असू दे. माझा कुठाय?”

बाईंनी चकचक्याकडे पाहिलं. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण मामाचा हात अजून तसाच पुढे होता.

“तो बाईंनी बँकेत ठेवलाय, मामा. लॉकरमध्ये.”

“लॉकरमध्ये?” मामा उठूनच उभा राहिला. “माझा सुरा?”

“हो,” बाई खाली बघत म्हणाल्या. “एकच आहे ना.”

मग हातात घ्यायचा हट्ट मामाने आपणच सोडला. उगाच काढ-घाल नको, म्हणाला.

परतताना चकचक्याने त्याचा दंड धरला होता. मामा पानवाल्यापाशी थांबला, न्हाव्याच्या दुकानात डोकावला, ओळखीचा आवाज कानावर पडला की उभा राहिला. “माझा सुरा बँकेत ठेवलाय, लॉकरमध्ये! खोटं वाटत असेल तर याला विचारा,” तो सांगत होता. लोक चकचक्याकडे बघत, आणि तो दर वेळी मान हलवून “हो” म्हणे.