काकी, पायरी

"डोळ्यांचं नाही विचारायचं, मॅडम," दौलत पुन्हा म्हणाला.

ठाण्याच्या कोर्टाबाहेर त्याच्या वकील योगिनीबाईंनी कपाळाला हात लावला. बाळकुमच्या सोसायटीतून पाण्याची नवी मोटर चोरीला गेली होती, आणि पंपवाल्या दौलतला पहाटे गोणी नेताना पाहिलं, असं तळमजल्यावरच्या रखमाबाईंनी पोलिसांना सांगितलं होतं. दुसरा पुरावा नव्हता. या रखमाकाकींना हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही, हे मात्र एकट्या दौलतला ठाऊक. त्या देवळात निघाल्या की तोच रोज त्यांना पायरी सांगायचा. वकिलांपाशी हे बोलून बसला आणि आता पस्तावत होता.

"उलटतपासणी तुमचा हक्क आहे, दौलतभाऊ. विचारलं नाही तर आत जाल."

"सुनेला कळलं तर काकींना एकटं बाहेर सोडणार नाय. देऊळ बंद, कट्टा बंद. म्हातारीनं करायचं काय?"

असल्या अशिलापुढे वकिलाने तरी काय करायचं!

आत पुकारा झाला. काकींची सून संचिता मागच्या बाकावर बसली. काकी साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे निघाल्या.

"काकी, पायरी," आरोपीच्या पिंजऱ्यातून दौलत बोलून गेला. वर्षानुवर्षांची जिभेची सवय, तिला कोर्ट काय ठाऊक! शिपायाने त्याला दटावलं.

सरकारी वकिलांना काकींनी सगळं सांगितलं. पहाट, गोणी, दौलत. खोटं बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, म्हणून तर दौलतला जास्त धास्ती; विचारलं की डोळ्यांचं खरं सांगून टाकतील. मग योगिनीबाई उठल्या. दौलतने नकारार्थी मान हलवली. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"आजी, दौलतने आत्ता पायरी का सांगितली?"

संचिता पुढे सरकून बसली.

"रोजच सांगतो. मला दिसत नाय ना."

"मग गोणीवाला दौलतच, हे कशावरून?"

"त्या टायमाला दुसरं कोण येतंय? सावली हलली, मी म्हटलं, दौलतच." त्यांनी कठडा धरला. "पण तो असता तर 'काकी' म्हणाला असता. तो माणूस काहीच बोलला नाय. माझ्या ध्यानातच आलं नाय, साहेब."

दौलतला सुटकेची आशा वाटली, पण त्याची नजर मागच्या बाकावरच्या संचिताकडे गेली.

साक्ष संपली. संचिता लगबगीने पुढे आली आणि तिने सासूचा दंड घट्ट धरला. "चला, आई." काकी हलल्या नाहीत. दौलतच्या दिशेने तोंड करून उभ्याच राहिल्या. शिपाई या वेळी खिडकीबाहेर बघत होता.

"काकी, पायरी," दौलत हळूच म्हणाला.

मगच त्यांनी पाऊल खाली टाकलं.