रुखमाबाईंनी न घातलेलं पाणी

मी एक जुना काचेचा पेला आहे, औषध मोजायचा. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. गवतात गुंडाळून, खोक्यात बसून मी दिग्रसला आलो, तेवढं आठवतं. बाजारातल्या बबनराव कंपाउंडरांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं काम केलं. खोकल्याचं लाल औषध, पोटदुखीचं पांढरं औषध माझ्यातूनच मोजलं जाई. माझ्या मापावर बबनरावांचा भारी विश्वास. रोग्यांपुढे ते माझी स्तुती करत, तेव्हा मला फार बरं वाटे.

मित्रांनो, १९६१ च्या उन्हाळ्यात रुखमाबाई दवाखान्यात आल्या. त्यांचे यजमान नागोराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. छातीचा आजार झाल्यामुळे तीन वर्षांपासून ते नागपूरला क्षयाच्या दवाखान्यात होते. त्या तीन वर्षांत त्यांची एकुलती एक मुलगी तापानं गेली आणि पस्तिशीतच रुखमाबाईंचं डोकं पांढरं झालं. मुलीचं त्यांनी पत्रानं कळवलं होतं. केसांचं कसं कळवणार? आता नागोराव बरे होऊन घरी येणार होते, आणि आपल्याला ते ओळखतील का, हीच रुखमाबाईंना काळजी.

"भाऊ, मले वयखनार नाई ते," रुखमाबाई म्हणाल्या. "केस काळे करायचं औषध द्या."

बबनरावांनी काळी पूड दिली आणि एक बाटली दिली. "पूड या औषधात कालवजा. पण हे चाळीस ताकदीचं हाय, लय कडक. जेवढं औषध तेवढंच पाणी टाकजा, म्हंजे ताकद वीसवर येते. पांढऱ्या केसाले तेवढी पुरते. आन् आधी कानामागं थेंबभर लावून एक दिवस पाहजा." मापासाठी त्यांनी मला रुखमाबाईंच्या हाती दिलं.

पहिल्या खेपेला त्यांनी सगळं सांगितल्यासारखं केलं. पण डोकं जरा चुणचुणलं तशा त्या घाबरल्या आणि रंग धरायच्या आतच केस धुऊन टाकले. केस झाले विटकरी. आरशात पाहून त्या रडल्या. नागोराव दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरच्या मोटारीनं येणार होते.

सकाळी शेजारच्या मैनाबाई मदतीला आल्या. रुखमाबाईंनी मला औषधानं काठोकाठ भरलं, वाटीत ओतलं आणि पूड कालवली.

"पाणी टाक ना वो," मैनाबाई म्हणाल्या.

"पान्यानंच तं कच्चा राह्यला रंग. आज काळेच झाले पायजे."

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण मला आवाज नव्हता.

थोड्या वेळात आग सुरू झाली. रुखमाबाई ओठ दाबून बसल्या. मैनाबाईंनी दोनदा पाण्याची बादली पुढे केली, दोनदा रुखमाबाईंनी ती मागे सरकवली. शेवटी डोकं धुतलं तेव्हा पाण्याबरोबर केसांचे पुंजके खाली आले. कातडीवर फोड उठले होते. बबनराव धावत आले. मलम लावता यावं म्हणून उरलेले केसही त्यांना कात्रीनं कापावे लागले.

तिकडे स्टँडवर मोटार आली. नागोराव ट्रंक घेऊन उतरले. बायको येणार म्हणून तिथेच बाकावर बसून राहिले, दोन तास. मग एकटेच चालत घरी आले.

रुखमाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, डोक्यावर ओला फडका.

"रुखमा, काहून नाई आली?"

रुखमाबाईंनी फडका काढला. नागोरावांनी स्वतःची टोपी काढली. त्यांचंही डोकं पांढरंशुभ्र होतं.

"मले वाटलं, तूच मले वयखनार नाई," ते म्हणाले. "मुलीसाठी तू इथं एकटीच रडली, मी तिथं एकटाच रडलो. आता या डोक्यासाठी बी एकटीच रडशीन का?"

त्यानंतर ते दिवाळीपर्यंतच जगले. छाती पूर्ण बरी झालीच नव्हती. रोज सकाळी ते कापसाच्या बोळ्यानं रुखमाबाईंच्या डोक्याला खोबरेल लावत. नवे केस दोन बोटं वाढले, पांढरेच. ते लोकांना दिसू नयेत म्हणून रुखमाबाई पदर घट्ट ओढून घेत. नागोराव गेले त्या दिवशी रुखमाबाईंच्या डोक्यावरचा पदर साऱ्या गावासमोर घसरला, आणि त्यांनी तो पुन्हा ओढून घेतला नाही.

मला कोणी परत नेलं नाही. मी त्यांच्याच कोनाड्यात पडून आहे. आता माझ्या काठाचा टवका उडाला आहे.

मित्रांनो, औषध कडक म्हणजे चांगलं, असं नसतं. जाणत्यानं जेवढं पाणी घालायला सांगितलं असेल तेवढं घाला. अंगाची आग होऊ लागली तर सोसत बसू नका. आणि आपलं माणूस बऱ्याच दिवसांनी येणार असेल, तर जसे आहात तसेच त्याला सामोरे जा. दिवस किती उरलेत, हे मोजायचं माप कुणाजवळ नसतं.