उठून जाणारी खुर्ची

मी सुमालीची लाल खुर्ची बोलतेय. प्लास्टिकची आहे म्हणून लगेच नाक मुरडू नका. आमच्या नोंग सिम गावात भल्याभल्या सिनेमांचं नशीब माझ्या चार पायांवर ठरलंय. सिनेमा काढणाऱ्यांना याचा पत्ता नाही, म्हणून बिचारे सुखाने झोपतात.

माझा जन्म साच्यातला. गरम लगदा ओतला, दाबला, गार केला, झाली खुर्ची. बारसं नाही की काजळ-तीट नाही. आम्हा बहिणींना एकीत एक खोचून गाडीवर चढवलं आणि एक माणूस भोंग्यावर ओरडत आम्हाला गावोगाव विकत फिरला. बाकीच्या बायका खुर्ची ठोकून बघायच्या, पाय वाकवून बघायच्या. सुमाली बसली, लगेच उठली, मला एका हाताने उचललं आणि म्हणाली, "हीच दे. उचलायला हलकी आहे." बसायला कशी आहे, याची तिने चौकशीच केली नाही.

सुमाली बाजाराच्या तोंडाशी कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकते. नवरा कधीच गेला. घरात ती आणि तिचा मुलगा नोप. आणि वेड एकच, सिनेमाचं. आमच्याकडे सिनेमा बघायला जावं लागत नाही, तोच गावात येतो. कुणाचं नवं घर होवो, कुणी मरो, विहाराची जत्रा भरो, फिरता सिनेमावाला कम्पान आपली गाडी घेऊन हजर. पटांगणात पडदा ताणतो आणि अंधार पडला की सुरू. लोक चटया टाकून बसतात. सुमाली मात्र मला काखेत मारून यायची आणि बरोबर मधोमध मांडायची.

सिनेमा आवडला तर शेवटपर्यंत बसायची. नाही आवडला तर उठायची, मला उचलायची आणि घरी चालू लागायची. तोंडातून चकार शब्द नाही. पण तेवढ्यानेच पटांगणात चुळबुळ सुरू व्हायची. "अगं बाई, सुमालीमावशी उठली!" मग एकेक चटई गुंडाळली जायची. त्यातल्या अर्ध्या लोकांना सिनेमा आवडत असायचा, हे मी शपथेवर सांगते. डोळे पुसत होते की मेले! पण सुमाली उठली म्हणजे आपणही उठावं, नाहीतर लोक अडाणी म्हणतील. माणसाला स्वतःचं मत असण्यापेक्षा शेजाऱ्याचं असलेलं परवडतं.

दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीबरोबर मतं वाढली जायची. दोन्हींत मिरची सारखीच. शेजारी शेवया विकणारी लामाय मुद्दाम काडी टाकायची.

"काय गं, ती नर्सच्या भुताची गोष्ट एवढी वाईट होती का?"

"जिवंतपणी नर्स हाका मारून मारून येत नाही, आणि मेल्यावर मात्र वर्षानुवर्षं त्याच खाटेपाशी उभी! एवढी कामसू बाई मी तरी पाहिली नाही."

"आणि तो जंगलातल्या घराचा?"

"दार आपोआप करकरलं की शहाणा माणूस पळत सुटतो. ही माणसं दिवा न लावता आत शिरतात आणि विचारतात, 'कोण आहे?' भूत काय नाव-गाव सांगणार आहे?"

रडक्या सिनेमांनाही ती सोडायची नाही. "श्रीमंतांच्या घरात टेबल भरून जेवण मांडतात आणि पहिल्या घासाला कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत देतं. एवढा भात वाया जातो, त्याचं कुणाला रडू येत नाही." शहरातून घरी आलेल्या मुलीचा एक सिनेमा होता, त्याला म्हणे मोठं बक्षीस मिळालेलं. त्यावर सुमाली म्हणाली, "आई नदीकडे बघते. मुलगी नदीकडे बघते. मी कम्पानकडे बघते. तो झोपलेला."

लोक पोट धरून हसायचे आणि आणखी एक वाटी घ्यायचे.

आता तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे तेही सांगते, कारण बसणाऱ्याचं खरं रूप खुर्चीलाच कळतं. ही बाई भुतांना भयंकर घाबरते. जंगलातल्या घरात ते दार करकरलं तेव्हा तिने माझ्या हातात अशी नखं रुतवली की खुणा अजून आहेत. आणि सकाळी तोंड वर करून नावं ठेवत होती! मला स्वतःला रडके सिनेमे आवडतात. रडणारा माणूस निदान हलत नाही.

मग नोपने सिनेमा काढला. मित्रांना गोळा करून, कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून. एक मुलगा, एक म्हैस आणि एक तळं. विहाराच्या जत्रेत कम्पानने तो लावला. नोप गाडीच्या बाजूला उभा होता, हाताची घडी घालून. सुमाली बसली. बराच वेळ बसली. म्हैस तळ्यात उतरली, बाहेर आली, पुन्हा उतरली. सुमालीचा अंगठा माझ्या हातावर टकटक करायला लागला. नको गं बाई, आज नको, असं मी म्हणत होते, पण खुर्चीचं कोण ऐकतं?

ती उठली. मला उचललं. वाट गाडीच्या बाजूनेच होती. नोपच्या समोरून जाताना माझा पाय त्याच्या गुडघ्याला घासला. तो हलला नाही. मागे चटया गुंडाळल्याचे आवाज येत होते.

तेवढ्यावर थांबती तरी चाललं असतं. पण सकाळी लामायने विचारलं आणि जिभेला सवय. "म्हशीचं काम चांगलं होतं," सुमाली म्हणाली. बाजार हसला. नोप मागे पपया सोलत होता. त्याने सुरी खाली ठेवली, आणि संध्याकाळच्या बसने बँकॉक गाठलं.

नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणाला घरोघरची मुलं परत येतात, आईबापांच्या हातावर पाणी ओततात. नोप आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. सुमालीने बसवाल्याच्या हाती वाळवलेलं मांस पाठवलं, तो डबा तसाच परत आला. ती कुणापाशी बोलली नाही. जेवायला बसताना मला ओट्यावर ओढायची आणि समोर नोपचं स्टूल मांडायची, एवढंच. मला तिचा राग होता आणि तिची कीवही येत होती.

शेवटी एके दिवशी मला घेऊन ती गावाबाहेरच्या राईत गेली. तिथे पू-ता आजोबांचं लहानसं देवघर आहे. सगळ्या गावाचा मूळपुरुष तो, अजून गावावर नजर ठेवून असतो. सुमालीने लाल सरबताची बाटली नळी घालून पुढे ठेवली आणि हात जोडले.

"आजोबा, पोरगं घरी येऊ दे. आलं तर तुम्हाला एक सिनेमा दाखवीन."

नवसाचा सिनेमा आमच्याकडे साधी गोष्ट नाही. पडद्यासमोर खुर्च्यांची पहिली रांग मांडायची ती आजोबांची आणि त्यांच्या गोतावळ्याची, तिथे जिवंत माणसाने टेकायचं नाही. सिनेमा मध्येच बंद करायचा नाही. आणि जो नवस बोलला, त्याने शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. उठला तर नवस फिटत नाही, आणि आजोबांनी दिलेलं परत जातं. हे सगळं सुमालीला पाठ होतं, तरी ती बोलून बसली. गरज माणसाला काय काय बोलायला लावते!

महिनाभरातच नोप आला. दुपारची वेळ होती, पाठीवर एक पिशवी. सुमालीने मुसळ खाली ठेवलं नाही.

"जेवलास?"

"नाही."

तिने भात वाढला, कोंबडी वाढली. त्याने निम्मं संपवलं तेव्हा म्हणाली, "आजोबांना नवस बोलले होते. सिनेमा दाखवायचाय."

"कुठला?"

"कम्पानदादाकडे असेल तो."

नोपने बोटं चाटली. "मग माझाच दाखव. नवा काढलाय. भुताचा आहे."

मुसळ थांबलं. लामाय पलीकडून खदाखदा हसली. "अगं, पोरगं तुझंच गं! तुला खुर्चीला बांधून घालतंय!"

"बांधू दे," सुमाली म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते.

त्या संध्याकाळी राईत अख्खं गाव लोटलं. सिनेमा बघायला कोणी आलं नव्हतं, बांधलेली सुमाली बघायला आले होते. पहिली रांग रिकामी, प्रत्येक खुर्चीपुढे सरबत. त्या रांगेमागे मी आणि सुमाली, दोघीच. कम्पानने उदबत्ती लावली, आजोबांना सिनेमाचं नाव सांगितलं आणि यंत्र सुरू केलं.

सुरुवात वाईट होती. खोटं कशाला बोलू? धुकं होतं, केस मोकळे सोडलेली बाई होती आणि करकरणारं दारसुद्धा होतं. मला उचलण्यासाठी सुमालीचा हात माझ्या काठाशी गेला आणि परत आला. मागे कोणीतरी खिदळलं. ती दातओठ खाऊन बसली होती.

मग खरं भूत आलं. म्हातारी नाही, केस बांधलेले, अंगात साधा झगा. आणि काखेत खुर्ची. निळी! माझी भूमिका निळ्या खुर्चीला दिली, हे दुःख मी अजून विसरलेले नाही. तर ते भूत गावात यायचं. मुलगी गात असली की समोर खुर्ची मांडायचं, थोडा वेळ ऐकायचं, उठायचं, खुर्ची उचलायचं, जायचं. त्या मुलीला मग गाताच यायचं नाही. कुणी होडी बांधतोय, भूत आलं, बसलं, उठलं. होडी तशीच अर्धी कुजली. ना किंचाळणं, ना रक्त. आमच्या मागचं हसू केव्हाच थांबलं होतं. सगळं गाव पडद्याकडे एकदा आणि सुमालीच्या पाठीकडे एकदा बघत होतं.

शेवटी भूत एका तरुणाच्या दारात आलं. तो मातीचं काहीतरी घडवत होता, हात चिखलाने भरलेले. भूत बसलं. भूत उठायला लागलं. तो पोरगा वर बघून नुसतं एवढंच म्हणाला, "अजून थोडं बस ना. पुढे चांगलं आहे." भूत गेलं.

सुमालीने यावेळी नखं रुतवली नाहीत. तिने माझे दोन्ही हात धरले, जत्रेच्या गर्दीत पोराचा हात धरतात तसे, आणि शेवटचं नाव जाईपर्यंत सोडले नाहीत.

"फिटला नवस!" कम्पान ओरडला. त्याचा आवाज उगाच मोठा होता. कोणी चटई गुंडाळेना. नोप समोर येऊन उभा राहिला. बँकॉकहून तो एवढ्यासाठीच आला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"तुझा म्हशीचा सिनेमा वाईट होता," सुमाली म्हणाली.

"वाईट होता. मला माहितीये."

"मग?"

"मग तू आई होतीस ना. बसायचंस. दुसऱ्या दिवशी घरात शिव्या द्यायच्यास, मी ऐकल्या असत्या."

  "चुकलं माझं," सुमाली म्हणाली. गावादेखत म्हणाली. लामायच्या हातातली सूर्यफुलाच्या बियांची पुडी सांडली.

नोपने नाक ओढलं. "आणि हा? हा कसा वाटला?"

"ते कसं सांगू? मला उठायची सोय कुठे होती? बांधलेल्या बसण्याला काय अर्थ?" ती मागे वळली. "कम्पानदादा, पुन्हा लाव."

"आत्ता? पूर्ण?"

"आजोबांचा बघून झाला. आता मी बघते. आता नवस नाही, मला कधीही उठता येतं."

नोपचा चेहरा पांढराफटक पडला. पहिल्या वेळी आईला बांधून घालताना तो घाबरला नव्हता, तो आता घाबरला. तरी यंत्राकडे गेला नाही. माझ्या मागे, माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तो हात घामाने ओला होता.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. यावेळी सुमालीचं तोंडही सुरू झालं. "हे धुकं कशाला? भात शिजतोय का?" "ही केसवाली काढून टाक, हिचं काही काम नाही." "भूत एवढ्या लवकर उठत नाही रे, मी जरा वेळ देते!" नोप आधी कळवळला, मग हसायला लागला. त्या शेवटच्या दारापाशी मात्र दोघंही गप्प. पोरगा म्हणाला, "अजून थोडं बस ना," आणि सुमाली बसून राहिली.

नावं संपली. नोपने विचारलं, "मग?"

"अर्धा चांगला आहे."

"कुठला अर्धा?"

"माझा," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या ओल्या हातावर आपला हात ठेवला. मग दोघं रडली. मी वर म्हटलंच आहे, रडणारी माणसं मला आवडतात.

जाताना तिने मला उचललं. मला वाटलं, घरी. पण ती चार पावलं पुढे गेली आणि मला आजोबांच्या रांगेत ठेवून दिलं. "आजोबा, ही तुम्हाला. मी आता चटईवर बसेन." झालं. एवढ्या वर्षांची चाकरी, आणि निवृत्ती भुतांच्या रांगेत.

ती आता खरंच चटईवर बसते. गुडघे दुखतात, उठवत नाही, त्यामुळे वाईट सिनेमेही शेवटपर्यंत बघते आणि कम्पानच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. नोप सणाला येतो. येताना नवी गोष्ट सांगतो, ती चिरफाड करते, तो ऐकतो.

आणि मी इथे आहे. माझ्यावर कोण बसतं ते विचारू नका, वजन लागत नाही. ऊन लागून माझा लाल रंग उडालाय, एक पाय चिरलाय, पण तक्रार त्याची नाही. लोक हल्ली फार नवस बोलतात. कुणाला नोकरी लागली, कुणाची सून नांदायला आली, की लगेच सिनेमा! आणि आणतात काय, तर तेच धुकं, तीच थोबाडीत, तीच नदी. तेव्हा बाबांनो, हात जोडता येत नाहीत म्हणून तोंडाने सांगते. नवस खुशाल बोला, पण सिनेमा आधी स्वतः बघून मग आणत जा. या रांगेतून उठून जाता येत नाही.