वेंडेलचा फास

"देवाने सृष्टी रचली तेव्हा प्रत्येक जिवाची जागा ठरवून दिली. मेंढरू कुरणात, माणूस चर्चमध्ये आणि कायोटी फासात!"

वेंडेल श्ट्राखने हे टेक्सासच्या आभाळाला बजावून सांगितलं. देवाचा हा बेत त्याच्या फासांना मात्र अजून कळला नव्हता. तोवर त्यांत सापडले होते एक साळिंदर, शेजारचं बोकड आणि खुद्द वेंडेलचा डावा बूट, पायासकट.

कायोटी म्हणजे कोल्ह्याचा काका नि लांडग्याचा पुतण्या. अक्कल दोघांची, लाज कुणाचीच नाही. त्या वसंतात त्यांनी कोकरांवर ताव मारला होता. नेल्डाने नवऱ्याला सरळ सांगून टाकलं होतं, "आणखी एकदा कोकरं गेली ना, की मेंढरं विकायची आणि शहरात माझ्या बहिणीकडे राहायला जायचं. तिची मागची खोली रिकामीच आहे." वेंडेलला त्या खोलीपेक्षा कबर ऐसपैस वाटे.

राखणीला बिस्मार्क होता. वासराएवढा पांढरा कुत्रा. पण हल्ली पहाटे तो कळपात दिसत नसे. "म्हातारा झालाय, पडत असेल कुठेतरी घोरत," वेंडेल म्हणे. मग एके दिवशी जाळीच्या कुंपणाखाली त्याला उकरलेली वाट दिसली. खालच्या तारेला केस अडकले होते. चष्मा घरी राहिला होता. त्याने केस चिमटीत धरले, हुंगले आणि निकाल दिला, "कायोटी!"

त्या वाटेवर तो तारेचा फास लावत असताना शेजारचा बर्ल टीग कुंपणावर रेलून बघत होता.

"हे काय रे म्हाताऱ्या, खिशात तार कापायचं कटर? कायोटीने माफी मागितली तर सोडणार की काय त्याला?"

"कुंपणासाठी आहे ते."

"हो हो. माझी आजीपण असंच म्हणायची."

त्या मुलखात फास लावणारा कटर बाळगत नाही. कटर म्हणजे शंका, आणि शंका शहरातल्या लोकांना येतात. वेंडेलने कटर नेऊन गोठ्यातल्या खिळ्याला अडकवलं.

सकाळी फासात बिस्मार्क बसला होता. जिवंत, शांत. दोर मानेला लागला की बसायचं, हे नेल्डाने त्याला पिल्लू असतानाच शिकवलं होतं. त्याचं तोंड रक्ताळलेलं होतं आणि दातांत राखाडी-पिवळ्या केसांचा पुंजका होता. वाट त्यानेच उकरली होती. रोज रात्री तो पलीकडे जाऊन कायोट्यांना फाडून येत होता.

हे वेंडेलच्या ध्यानात आलं, तेवढ्यात धनी दिसला म्हणून बिस्मार्कने आनंदाने झेप घेतली.

फास आवळला. वेंडेलने गाठीत बोटं घातली. संधिवाताची बोटं, दाट केस, बारीक तार. "बस! बिस्मार्क, बस!" त्याचा आवाज ऐकून कुत्रा आणखीच शेपटी हलवत त्याच्याकडे ओढ घेई. शेवटी वेंडेल कटर आणायला गोठ्याकडे धावला. म्हणजे त्याच्या गुडघ्यांनी जमेल तेवढा.

तो परतला तेव्हा बिस्मार्कने सांगितलेलं ऐकलं होतं. अजिबात हलत नव्हता.

बर्ल आला, टोपी काढली, वाकून फास पाहिला. "फास मात्र झकास बसलाय हं," तो म्हणाला. "माझा कधी असा बसला नाही."

त्याच रात्री कायोटी त्या आयत्या वाटेने आत आले. काही कोकरं त्यांनी खाल्ली, काही नुसतीच मारून टाकली. एक कोकरू उजाडल्यावरही जिवंत होतं. मागचे पाय उरले नव्हते, तरी आईकडे सरकत होतं. आई मात्र चरत होती. वेंडेलने ते दगडाने संपवलं.

घरी आला तेव्हा नेल्डा फोनपाशी बसली होती. बहिणीला फोन लावायला तिने रिसीव्हर उचलला.

वेंडेल दारातच उभा राहिला.

"बोल," नेल्डा म्हणाली.

"तिला एवढं विचार," तो म्हणाला, "त्या खोलीत पंखा आहे का? मला पंख्याशिवाय झोप येत नाही."